कणकुंबीचं पाणी, पणजीचं शहर

जांबोटी, ता. खानापूर
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय विज्या,

तुझा मेसेज मिळाला. "पोरांना घेऊन गोव्याला चाललोय, पणजीत एक रात्र आहे, बघण्यासारखं काही असेल तर सांग, नाहीतर सरळ कळंगुट गाठतो." लेका, चौदा वर्षं झाली मी त्या गावात भाजी उतरवतोय, आणि तू मला दोन ओळीत विचारतोस! फोनवर सांगायला घेतलं असतं तर मध्येच "बरं बरं, ठेवतो" म्हणाला असतास. म्हणून वहीची पानं फाडून बसलोय. घरची झोपलीत. उद्याची गाडी नाही. वाच निवांत.

पहिलं म्हणजे आंबोलीवरून जाऊ नकोस. बेळगावला ये, आणि चोर्ल्यातून उतर. कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी गाडी थांबव. आठवतंय की, सहलीला आलो होतो, तू कुंडात चप्पल पाडलीस आणि गुरुजींनी परतीच्या वाटेवर तुला अनवाणी चालवलं? तेच ठिकाण. तिथं उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. तिथलाच कळसा नाला पश्चिमेला वळतो, म्हादईत जातो आणि म्हादईबरोबर अरबी समुद्रात. पाऊस एकच मर्दा, पण एका पागोळीचं पाणी एका समुद्राला आणि शेजारच्या पागोळीचं दुसऱ्या. म्हादईची मुख्य धार भीमगडच्या रानातली, म्हणजे तीही आपल्याच तालुक्यातली. गोव्यात खाली गेली की तिलाच मांडवी म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी पणजी. त्या पाण्यावरून भांडण किती जुनं आहे ते तुला ठाऊक आहे. 2018 मध्ये लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी आणि गोव्याला 24 टीएमसी दिलं, तरी मिटलेलं नाही. तो विषय मी वाढवत नाही. माझ्या केबिनमध्ये चालक, क्लीनर आणि मी, तिघांची तीन मतं आहेत.

आता पणजी. खरं सांगू, पहिली पाच-सहा वर्षं मलाही ते गाव म्हणजे मार्केटचं मागचं दार एवढंच माहीत होतं. पहाटे चारला पोचायचं, कोबी, बिनीस, गाजर, ढबूची पोती उतरवायची, क्रेट मोजून घ्यायचे, चहा मारायचा, उजाडायच्या आत परत. मासळीवाल्या बायका "बेळगांवचो आयलो गे" म्हणून एकमेकींना हाक देतात, तेवढीच ओळख.

मग एकदा क्लच प्लेट गेली. साखळी, आमोणे, माशेल, जुनं गोवं असं करत रायबंदरपर्यंत आलो आणि गाडी तिथंच बसली. मिस्त्री म्हणाला संध्याकाळ होईल. माल दुसऱ्या टेम्पोत भरून पुढं पाठवला आणि मी चालत निघालो. रायबंदर ते पणजी सरळ रस्ता आहे, तीन किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. ओहोटी होती. पाणी मागं सरलेलं, आणि खाली नुसता चिखल. काळा, गुळगुळीत, त्यात खेकड्यांची भोकं आणि कडेला खारफुटीची मुळं वर आलेली. वास असा की आपल्या भातखाचरात रोप लावायच्या दिवसात येतो ना, तसाच, फक्त मिठाचा. मी तिथं उभा राहून विचार केला, हा गाळ कुठला? भीमगडचा, कणकुंबीचा. दर पावसाळ्यात आपल्या डोंगरावरची माती धुपते ती इथं येऊन बसते.

तो रस्ता म्हणजे साधा बांध नव्हे. लिन्हारेसचा काउंट व्हाइसरॉय असताना 1633-34 च्या सुमारास जांभ्या दगडात बांधलेला सेतू आहे तो. पायाखाली दलदलीत लाकडाचे ओंडके रोवलेत असं सांगतात. तेव्हा पलीकडचं पणजी म्हणजे शहर नव्हतंच. आदिलशहाचा खाडीकाठचा वाडा, कोळ्यांची वस्ती, माडाची झाडं आणि चिखल. राजधानी वर जुन्या गोव्यात.

हीच मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गोव्याची राजधानी जागा बदलत राहिली ती पाण्यामुळं. पार मागं कदंबांची गोपकपट्टण, ती झुआरीच्या काठी. आणि हे कदंब कोण? आपल्या हलशीचे! ज्या भूवराह नरसिंहाच्या देवळाच्या आवारात आपण विटीदांडू खेळायचो, ते त्याच राजांचं. त्यांची एक गादी समुद्राकाठी आणि दुसरी घाटावर आपल्या हलशीत. हे शाळेत कुणी सांगितलं नाही बघ. पुढं स्वाऱ्या झाल्या, झुआरीचं बंदर गाळानं भरत गेलं, आणि बहमनींच्या काळात पेठ मांडवीकाठी एळ्याला आली. तेच पुढं आदिलशहाचं आणि मग पोर्तुगीजांचं गोवं.

पोर्तुगीजांना नदीनं पहिल्याच वर्षी धडा दिला. 1510 मध्ये आल्बुकेर्कनं गोवं घेतलं, आदिलशहानं परत हिसकावलं, आणि आल्बुकेर्क आरमार घेऊन पळायला गेला तर पावसाळा लागलेला. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात तिथून गलबत बाहेर काढता येत नाही. अख्खं आरमार ऑगस्टपर्यंत नदीतच अडकलं, उपाशी, दोन्ही काठांवरून तोफा खात. बाहेर पडला आणि 25 नोव्हेंबरला परत येऊन गोवं घेतलंच, हा भाग वेगळा.

मग दोनेक शतकांत ते जुनं गोवं रोगराईनं बसलं. हिवताप, पटकी, विहिरींचं खराब पाणी. माणसं निघून गेली. 1759 मध्ये व्हाइसरॉयसुद्धा उठला आणि खाली पणजीत, त्याच आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. गंमत बघ, मोडून काढलेल्या शत्रूच्या वाड्यातून दोनशे वर्षं राज्य केलं. 1827 ते 1835 मध्ये दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू नावाचा व्हाइसरॉय होता, त्यानं दलदल भरून घेतली आणि रस्ते आखले. म्हणून तिथले रस्ते बघ, जुन्या गावासारखे वाकडेतिकडे नाहीत. 1843 मध्ये कागदोपत्री राजधानी झाली, नाव दिलं नोव्हा गोवा. वरच्या ओसाड गोव्यातले दगड काढून आणून खालची घरं बांधली. चर्चच्या पायऱ्यांवर पोरं फोटो काढतीलच, तेव्हा वर टांगलेली घंटा दाखव. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ पडला, घंटा आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि 1871 मध्ये इथं आली. राजधानीसारखीच तीही फिरत आली.

बाकी यादी देत नाही. वाड्याच्या शेजारी फादर फारियाचा, म्हणजे संमोहनविद्येत नाव काढलेल्या गोव्याच्या पाद्र्याचा पुतळा आहे, बाईला संमोहित करताना. तुझी धाकटी तो बघून घाबरेल आणि मग दिवसभर भावावर तसेच हात करील. फोन्तेन्हास ह्या पणजीच्या जुन्या वस्तीत सकाळी लवकर जा, नंतर लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. नदीत उभ्या कॅसिनोच्या बोटींविषयी मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं आहे, पण तोंड खराब होईल. आणि मांडवीच्या पुलावर उभं राहून पोरांना एवढं सांग की ह्याच जागचा पहिला पूल 5 जुलै 1986 ला कोसळला होता.

एक मात्र मनाला लागतं, ते तुलाच लिहितो. 1961 च्या डिसेंबरात गोव्यात घुसलेलं सैन्य आपल्या बेळगावातच जमलं होतं. आजोबा सांगायचे, रात्रीच्या रात्री लष्करी गाड्यांची रांग अनमोडच्या दिशेनं, आणि गावात कुणी दिवा लावत नव्हतं. त्या आधी कितीतरी वर्षं वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो रानातून गुप्त रेडिओ चालवत होते, आधी आंबोलीकडून, मग आपल्या शेजारच्या कॅसलरॉकमधून. 19 डिसेंबरला पणजी सुटली. आणि पाचच वर्षांनी, 16 जानेवारी 1967 ला, गोव्याच्या लोकांना मतपेटी देऊन विचारलं: महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं? फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. मतदानाच्या थोडं आधीपर्यंत मुख्यमंत्री असलेले बांदोडकर फुलाकडून होते, तरी.

मला त्यांचा राग नाही, खरंच. त्यांना हवं ते त्यांनी सांगितलं. 2011 च्या जनगणनेत हद्दीत जेमतेम 40,000 माणसं असलेलं गाव, आपलं बेळगाव त्याच्या दहापटीहून मोठं, पण राज्याची राजधानी म्हणून ऐटीत बसलंय. फक्त त्या पायऱ्यांवर चहा पीत बसलो की वाटतं, त्यांना विचारलं तरी. आपल्याला 1956 ला म्हैसूर राज्यात घातलं तेव्हा कुणी विचारलं? आणि त्याच 1967 मध्ये सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, तिथं आपण आकडा होतो. अण्णा दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावायचे. मी पण लावतो आणि दुसऱ्या दिवशी कन्नड पाटीच्या गाडीतून कोकणी बोलणाऱ्या बाजारात मराठीत हिशेब करतो. कसं काय चाललंय, असं तू विचारशील तर असं चाललंय.

बरं, आता कामाचं. शुक्रवारी निघणार असशील तर सकाळी सातपर्यंत जांबोटीत पोच. घरी नाष्टा करू, ही मांडे करायचं म्हणतेय, पोरांसाठी कुंदा आणून ठेवतो. चोर्ल्यात वळणावर ओव्हरटेक करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. रायबंदरच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं उतर, पण ओहोटीला. वेळ मी मार्केटमधल्या मासळीवालीला विचारून कळवतो, तिचा अंदाज मोबाइलपेक्षा बरा असतो.

वहिनींना नमस्कार. माझ्या दोनशे रुपयांचं विसरला नसशील.

तुझा,
बाळ्या