फिन चढवून देणाऱ्या बोनेरच्या काकांना

प्रिय काका,

तिथे कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर तुम्हाला लहानथोर सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. मराठीत लिहायला बसल्यावर सत्तरीच्या माणसाला तशी हाक मारणं माझ्या हातून होत नाही, म्हणून काका. न्यू जर्सीला परत आल्यावर तुम्हाला इंग्रजीत चार ओळींचे आभार पाठवले होते, पण ते पाठवल्यापासून मला चैन नाही. जे सांगायचं होतं ते त्यात आलंच नाही. ते माझ्या भाषेतच येईल, आणि ते माझ्यासारख्या इतर बायकांनीही वाचावं असं मला वाटतं. माझी लेक तुम्हाला ते इंग्रजीत करून वाचून दाखवेल.

डाइव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्राखाली पोहणं, मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकले. पाण्याखालच्या त्या जगाने मला इतकं दिलं की ते सोडायची कल्पनाही नको वाटायची. मग डाव्या गुडघ्याची गादी फाटली, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पुन्हा पाण्यात जायची परवानगी दिली. पाण्यात गुडघ्यावर भारच नसतो, तिथे तो दुखत नाही. दुखतो तो पाण्यापर्यंत पोहोचताना, आणि त्याहून जास्त पाण्यातून बाहेर येताना. अंगावर सिलिंडर, कमरेला वजनं, पायाखाली ओले दगड. पण ही गोष्ट समजून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका बेटावर बोटीने डाइव्हला गेलो होतो. पहिल्या काही मीटरवर पाण्याच्या दाबाने दडलेला माझा कान मोकळा व्हायला वेळ लागत होता, तर गाइड सारखा खाली चल, खाली चल अशी खूण करत राहिला. वर आल्यावर शिडी चढताना माझा पाय अडला, मागे माणसं खोळंबली. तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, की अशा लोकांनी वरवर पोहून मासे बघावेत, इतरांची सुट्टी कशाला खराब करायची? नवऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. मी मान खाली घालून बसले. पैसे मोजून आलेल्या माणसाला कुणी असं बोलू नये. फुकट आलेल्यालाही बोलू नये.

म्हणून किनाऱ्यावरून डाइव्ह करता येईल असं ठिकाण शोधायला लागलो. बोट नाही, शिडीची घाई नाही, मागे कुणी खोळंबलेलं नाही. वेनेझुएलापासून सुमारे ८० किलोमीटरवरचं तुमचं बोनेर त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. वारा जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिमेचा किनारा शांत राहतो. किनाऱ्यापासून थोडं पोहलं की प्रवाळाची कडा, आणि रस्त्याने जाता जाता गाडी थांबवून पाण्यात उतरावं अशी पन्नासहून जास्त ठिकाणं. हे सगळं वाचून मन हरखलं. सहलीची आखणी करून देणाऱ्या एका कंपनीला पैसे भरले. त्यांना गुडघ्याबद्दल नीट, सविस्तर लिहून कळवलं. उत्तरादाखल सुंदर छापलेला कागद आला, आणि त्यात पहिल्याच दिवशी ‘थाउजंड स्टेप्स’. नावाप्रमाणे तिथे हजार पायऱ्या नाहीत हे मला आता माहीत आहे, साठ-सत्तरच आहेत. पण सिलिंडर पाठीवर घेऊन त्या परत चढायच्या असतात, आणि माझं पत्र उघडून वाचणाऱ्या कुणीही त्या माझ्या वाट्याला लिहिल्या नसत्या. ते पत्र कुणी वाचलंच नव्हतं.

त्या रागात मी बेटावरच्या दिसेल त्या डाइव्ह शॉपला एकच प्रश्न लिहून पाठवला: गुडघा दुखणाऱ्या बाईने कुठून पाण्यात उतरावं? बहुतेकांकडून दरपत्रक आलं. तुमच्याकडून उलट प्रश्न आला. डावा की उजवा? चढताना दुखतो की उतरताना? दुमडताना की भार दिल्यावर?

काका, माझ्या गुडघ्याबद्दल एवढं नेमकं त्याआधी फक्त सर्जनने विचारलं होतं.

मी उत्तर दिल्यावर तुम्ही हाताने काढलेल्या नकाशाचा फोटो पाठवलात. वहीचा रेघांचा कागद, निळं पेन. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ठिकाणापुढे तुमची खूण. जिथे वाळू आहे तिथे ‘हो’. जिथे लाटांनी झिजलेला धारदार खडक आहे आणि खाली प्रवाळाचे सुटे तुकडे पायाखाली घरंगळतात, तिथे ‘नाही’. ऑइल स्लिक लीपपुढे ‘शिडी आहे, सकाळी हो’. थाउजंड स्टेप्सपुढे ‘नाही’, खाली दोन रेघा. १९८४ साली बुडालेल्या हिल्मा हूकर जहाजापुढे ‘३० मीटर, यावेळी नको, ते कुठे पळून जात नाही’. सॉल्ट पियर या मिठाच्या जहाजांच्या धक्क्यापुढे ‘हो, पण जहाज लागलेलं नसेल तेव्हाच’. आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, की अमर्याद सिलिंडरचं पॅकेज घेऊ नका, तुम्हाला दिवसाला दोन पुरेत. सिलिंडर विकणाऱ्या माणसाने कमी घ्या म्हणून सांगितलं! नवऱ्याने तो कागद छापून फ्रिजवर लावला, आणि आमची सगळी आखणी त्या एका पानावर झाली. पिकअप गाडी, गाडीत काहीही मौल्यवान न ठेवणं, काचा खालीच सोडणं, परतीच्या आदल्या दिवशी पाण्यात न उतरता फ्लेमिंगो बघणं, सगळं त्या पानावरचंच.

पण मला लिहायचंय ते पहिल्या सकाळबद्दल.

तुमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी एक ओळखीची डाइव्ह करावीच लागते, सागरी उद्यानाचा तो नियमच आहे. ती कुणीही करून घेतली असती, दुकानात तरणी पोरं होती. तुम्ही स्वतः आलात. वारा वाढायच्या आत, सकाळी लवकर. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण खरी अडचण तिथेच असते. फिन, म्हणजे पोहायचे ते रबरी पंख, पायात घालायचे म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा दुमडून पाय मांडीवर घ्यायचा. माझा डावा गुडघा नेमका तेवढाच दुमडत नाही. मी काही बोलले नव्हते. तुम्ही माझ्या बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जाकिटात, थोडी हवा भरलीत, मला पाठीवर तरंगत ठेवलंत, आणि माझा डावा पाय हातात घेतलात. टाचेखाली तळवा धरलात, गुडघा सरळच राहील असा. दुसऱ्या हाताने फिन सरकवलात, पट्टा टाचेवरून ओढलात, बोटाने एकदा फिरवून बघितलात कुठे घडी पडली आहे का.

मी पाय झटकन मागे घेतला होता, आठवतंय? तोंडातून ‘अहो, नको’ असं मराठीतच निघालं. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. वडिलांच्या जागी असलेल्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा, हे आम्हाला सोसत नाही. माझा ओला हात आपोआप कपाळाकडे गेला. तुम्हाला वाटलं मास्क टोचतोय. तुम्ही पुढे होऊन मास्कचा पट्टा थोडा सैल करून दिलात, आणि मग शांतपणे उजवा पाय हातात घेतलात.

त्या क्षणी मास्कच्या आत माझे डोळे वाहत होते. बोटीवरचा तो अपमान, त्यानंतर मनात घर करून बसलेलं ‘आता आपलं वय झालं, आपण ओझं झालो’ हे सगळं तुम्ही त्या दोन पट्ट्यांबरोबर काढून टाकलंत. तुम्ही मला काही समजावलं नाहीत, धीराचे शब्दही बोलला नाहीत. नवरा शेजारी उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून प्रत्येक डाइव्हला तो न सांगता तसंच करतो, टाचेखाली तळवा धरून. हे त्याला तुम्ही शिकवलंत.

खाली जाताना तीन-चार मीटरवर माझा कान अडला. तुम्ही तळहात आडवा धरून ‘थांब’ अशी खूण केलीत आणि थांबलात. खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बघितलं नाहीत. जवळच एक पॅरट फिश खडकाला चावत होता, त्याचा करकर आवाज येत होता, तुम्ही माझं लक्ष तिकडे वेधलंत. कान कधी मोकळा झाला मला कळलंही नाही. बाहेर येताना सिलिंडर पाण्यातच उतरवून घेतलंत, आणि मी मोकळ्या अंगाने, चालत, किनाऱ्यावर आले.

सॉल्ट पियरबद्दलही सांगायचंय. मी मुलुंड पूर्वेला वाढले, लोकलच्या खिडकीतून मिठागरं बघत. तुमच्या बेटाच्या दक्षिणेला ती गुलाबी पाण्याची खाचरं आणि पांढरे डोंगर दिसले तेव्हा भांडुपच्या पुढे गाडी आली की काय असं झालं. मग तुम्ही रस्त्यालगतच्या गुलामांच्या त्या झोपड्या दाखवल्यात, १८५० च्या सुमारास बांधलेल्या, ज्यांत माणसाला वाकूनच शिरावं लागतं. १८६३ मध्ये गुलामी संपेपर्यंत मिठात राबणारी माणसं तिथे निजायची. तुम्ही फार बोलला नाहीत. गाडी बंद करून थोडा वेळ उभे राहिलात, म्हणून आम्हीही राहिलो. त्यानंतर धक्क्याच्या खांबांमधून पोहताना, त्या खांबांवर वाढलेले स्पंज आणि प्रवाळ बघताना, वर चाललेला मिठाचा व्यापार मला विसरता आला नाही.

आणि तुमचे ते मेंदूसारखे दिसणारे मेंदू प्रवाळ! २०२३ पासून बोनेरच्या पाण्यात प्रवाळांचा जो रोग शिरला आहे, त्याने काय होतं हे मी वाचलं होतं, पण तुमच्याबरोबर बघितलं ते वेगळं. एका भल्यामोठ्या मेंदू प्रवाळाशी तुम्ही थांबलात. अर्धा अजून जिवंत, तपकिरी, वळणावळणाचा. मधे पांढरी पट्टी. पलीकडचा भाग मेलेला, शेवाळलेला. हात न लावता तुम्ही बोटाने हवेत त्याची कड गिरवलीत, आधी रोग कुठपर्यंत होता आणि आता कुठपर्यंत आला आहे. वर आल्यावर आमची प्रत्येक वस्तू जंतुनाशकाच्या पाण्यात तुम्ही स्वतः बुडवलीत, आणि एका पर्यटकाने कंटाळा केला तर त्याला दुकानाच्या दारातून परत बोलावलंत. बोनेरने १९७९ मध्ये किनाऱ्यापासून ६० मीटर खोलीपर्यंतचा सगळा समुद्र राखीव केला, हातमोजे घालून पाण्यात जायलाही बंदी केली, म्हणजे कुणी प्रवाळाला धरणार नाही. हे नियम कागदावर कुणीही लिहील. ते पाळले जातात ते तुमच्यासारखा माणूस दारात उभा असतो म्हणून. दरवर्षी घेतली जाणारी ४० डॉलरची निसर्ग फी काही जणांना जास्त वाटते, तसं बोलताना मी ऐकलं. मला ती देताना आनंद झाला.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, काका. पण बरेच जण मदत करताना आपल्याला थोडं लहान करून जातात. हात देतील, पण चारचौघांत ‘जपून हं, जपून’ असं मोठ्याने म्हणतील. माझी आई लोकलमधून उतरताना तिची पिशवी न बोलता खाली ठेवून गर्दीत निघून जाणाऱ्या बायका मला आठवतात, तिला त्यांचे चेहरेही दिसायचे नाहीत. ती घरी येऊन म्हणायची, आज एक बाई भेटली होती. तेवढंच. तिचा दिवस चांगला गेलेला असायचा. तसं वागणं शिकवून येत नाही असं मी समजत होते. नवऱ्याकडे बघून आता वाटतं, बघून येतं.

माझ्या वयाच्या ज्या बायका हे वाचत असतील, मालवणला किल्ल्याजवळ एकदा पाण्यात तोंड घालून आल्या असतील आणि आता गुडघ्यामुळे, कानामुळे, किंवा कुणी काही बोललं म्हणून मागे सरल्या असतील, त्यांना माझं सांगणं आहे: डॉक्टरांना विचारा, आणि मग असा माणूस शोधा जो दर सांगायच्या आधी तुम्हाला प्रश्न विचारतो. असे लोक आहेत.

पुढच्या जानेवारीची तिकिटं काढली आहेत. बरोबर माझी मोठी बहीण ठाण्याहून येते आहे. डाइव्हिंग ती करणार नाही, तिला फक्त वाळूच्या जागेवरून मास्क लावून पोहायचं आहे, तेव्हा तिच्यासाठी नकाशात एक जागा निवडून ठेवा. पॅकेज घेतलेलं नाही. दिवसाला दोन सिलिंडर, पिकअप नेहमीचीच. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळी येतो. येताना तुमच्यासाठी पुरणपोळ्या आणणार आहे, बेटावर आणता येतात की नाही ते तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मुलुंडची, डाव्या गुडघ्याची