बंदूक निवडणुकीला जमा होते, आजारपणात का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पान ३ वर आमच्या शेजारच्या गावातल्या वृद्ध शेतकऱ्याच्या मृत्यूची बातमी वाचली आणि रात्रभर डोळा लागला नाही. 'आजारपणाला कंटाळून' असं कारण मथळ्यातच देऊन आपण मोकळे झालात. सोबत बंदुकीचा फोटो, घराचा फोटो, शिवाय त्यांनी नेमकं काय आणि कसं केलं याचं सविस्तर वर्णन. त्या घरात शाळेत जाणारी मुलं आहेत. आत्महत्येची बातमी देताना पद्धत सांगू नये, जागा दाखवू नये, भडक मथळा देऊ नये, हे प्रेस कौन्सिलने २०१९ सालीच सांगितलं आहे. आपल्या वार्ताहराला ते कोणी वाचायला दिलं नव्हतं का? आणि १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकट नंबर, जो २०२२ पासून चालू आहे, तो बातमीखाली एका ओळीत मावला नसता का?

माझा राग एवढ्यापुरता नाही. माझे थोरले भाऊ अशाच बातमीत आले असते, म्हणून लिहिते आहे.

वहिनी गेली आणि भाऊ घरात एकटे उरले. मुलगा विरारला, तो गणपतीत आणि शिमग्यात येणार. सकाळची पेज दुपारपर्यंत तशीच पडलेली दिसायची, वर साय धरलेली. बाजाराला जाणं बंद, भजनाला जाणं बंद. विचारलं तर म्हणायचे, "कंबर दुखता." आमच्याकडचे बापये कंबर दुखते सांगतील, साखर वाढली सांगतील, पण मन लागत नाही हे मरेपर्यंत सांगणार नाहीत. एक दिवस त्यांनी माझ्या मुलाला बोलावून बँकेचं पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, कुठला माड कोणाला लावून दिलाय, सगळं समजावून सांगितलं. माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला. माजघरात खुंटीवर शेती संरक्षणाची बंदूक होती. वडिलांच्या वेळेपासून घरात परवाना आहे, खंडेनवमीला तिची पूजा होते. पूर्वी ती वानरं आली की खाली निघायची. आता ते संध्याकाळी नुसतेच ती मांडीवर घेऊन पुसत बसायचे.

मी पोलीस ठाण्यात गेले. कुठलं ते लिहीत नाही. विनंती एवढीच केली, की ही बंदूक थोडे दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या. उत्तर मिळालं, परवानाधारक स्वतः आल्याशिवाय हत्यार घेता येत नाही. त्यांनी कोणाला धमकी दिली आहे का? दिली असेल तर लेखी द्या, परवाना रद्द करायला वर पाठवतो. भाऊंनी कोणाला धमकी दिली नव्हती. आणि परवाना रद्द झाला असता तर तो माणूस त्या अपमानानेच खचला असता. बंदूक उचलून माझ्या घरी आणावी, तर माझ्याकडे परवाना नाही, तो गुन्हा. मग बहिणीने करायचं काय? मी तशीच परत आले. काडतुसं तेवढी काढून ठेवायला भाऊंच्या पुतण्याला सांगितलं, तर भाऊंनी ती कुठे ठेवलीत तेच कोणाला माहीत नव्हतं.

आमचं नशीब एवढंच, की २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता लागली. पोलीस पाटील निरोप घेऊन आले आणि भाऊ स्वतः बंदूक घेऊन ठाण्यात गेले, पावती घेऊन परत आले. ना अपमान, ना चौकशी. सगळ्या गावाच्या जमा होतात, तशी त्यांचीही झाली. निकाल लागेपर्यंत ती घरात नव्हती. त्या दिवसांत आम्ही त्यांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झोप लागू लागली. पावसाळ्यात एकदा ओटीवर बसून आपणहून म्हणाले, "ती घरात आसती तर मी आज नसतंय." मी आत जाऊन रडले.

संपादक महाशय, निवडणुकीसाठी जे होऊ शकतं ते आजारपणासाठी का होत नाही? डॉक्टरांची चिठ्ठी किंवा घरच्यांचा अर्ज पाहून, परवान्याला हात न लावता, पावती देऊन बंदूक काही महिने ठेवून घ्या. एवढंच मागणं आहे. तो वाईट विचार कायम त्याच जोराने राहत नाही, येतो तसा ओसरतोही. त्या वेळेला साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. आपल्याकडे बंदुकीने जाणारे थोडे, गळफास आणि विषाने जाणारे जास्त, हे मला माहीत आहे. पण थोडे आहेत म्हणून त्यांना सोडून द्यायचं का?

बंदुका काढून घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. रानडुक्कर एका रात्रीत भात आडवं करतं आणि वानरं माडावर कोवळा नारळ ठेवत नाहीत, ते आम्ही रोज भोगतो. पण परवान्याची मुदत आता पाच वर्षांची झालीय. पाच वर्षांत म्हाताऱ्या माणसाची बायको जाते, डोळे जातात, मुलं लांब जातात. परवान्यासाठी लागणारा मानसिक आरोग्याचा दाखला देताना भाऊंचा रक्तदाब पाहिला गेला, झोप लागते का हे कोणी विचारलं नाही. घरोघरी येणाऱ्या आशाताईंनी साखरेबरोबर हेही विचारावं, आणि घरात बंदूक असेल तर ती कुठे असते तेही विचारावं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी झालेल्या परवानाधारकाला बंदूक वारसाच्या नावावर करता येते. भाऊंनी स्वखुशीने पुतण्यासाठी अर्ज केला आहे. तो जिल्ह्याला गेलाय म्हणतात, अजून उत्तर नाही. तोवर बंदूक परत त्याच खुंटीवर आहे, आणि मी रोज संध्याकाळी तिथे चक्कर मारते.

जाता जाता, जिल्हा रुग्णालयातून परत येणारी संध्याकाळची एसटी बंद केली आहे. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर लागेपर्यंत दुपार होते. मग म्हाताऱ्या माणसांनी रिक्षाला पैसे कुठून आणायचे? कित्येकांनी एवढ्यावरूनच गोळ्या सोडल्यात. तेही छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सिंधुदुर्ग
(भाऊंसाठी नाव छापू नये, ही विनंती.)