'मोठा रक्तस्राव' नको, आकडा लिहा

मा. संपादक,
स. न.

गेल्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी थोरल्या दादांना लकवा मारला. पुतण्याने तासाभरात जवळच्या सेंटरवर नेऊन सीटी स्कॅन काढला. रिपोर्टात 'मेंदूत उजव्या बाजूला मोठा रक्तस्राव' एवढेच होते. मी इकडे नागपुरात धंतोलीतल्या एका न्यूरोसर्जनना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न : "किती मिली?" पुतण्याने सेंटरवर विचारले, तर "सांगितलं ना, मोठा आहे" हे उत्तर. मग मोबाइलवर फिल्मचे फोटो आले, त्यात ट्यूबलाइटचा नुसता चकाका. अर्धा तास त्यातच गेला. आकडा कळला असता तर ऑपरेशन थिएटर तयार ठेवायचे की आयसीयूतला बेड पुरेल, हे दादा वाटेत असतानाच ठरले असते.

नागपुरात पोचल्यावर रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि काठावरच्या मोजपट्टीवरून एका मिनिटात उत्तर काढले. साकळलेल्या रक्ताची गुठळी सर्वांत मोठी दिसते त्या स्लाइसवर (मेंदूच्या आडव्या कापाच्या चित्रावर) लांबी ५ सेंमी, तिला काटकोनात रुंदी ४ सेंमी. गुठळी सहा स्लाइसवर दिसत होती; पण वरची नि खालची लहान, म्हणून ती अर्धी-अर्धी धरायची. झाल्या पाच. प्रत्येकीची जाडी अर्धा सेंमी, म्हणजे उंची अडीच. तिन्हींचा गुणाकार ५०, त्याचे निम्मे २५ मिली.

मी बत्तीस वर्षे गणित शिकवले, म्हणून 'निम्मे का?' हे विचारल्याशिवाय राहवले नाही. गुठळी साधारण अंडाकृती धरली, तर तिचे घनफळ तिन्ही मापांच्या गुणाकाराला पायने (π) गुणून सहाने भागल्यावर मिळते. पाय भागिले सहा म्हणजे ०.५२, जवळपास निम्मे. नववीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित. कोठारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९६ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात मांडली. वेड्यावाकड्या गुठळीत ती चुकते, बहुधा आकडा जास्त येतो. तरीही 'मोठा' या शब्दापेक्षा ती कितीतरी बरी. रुग्णाच्या जिवाला धोका किती, हे जोखण्यासाठी २००१ पासून वापरात असलेल्या गुणपद्धतीत ३० मिली किंवा त्याहून मोठ्या गुठळीला एक गुण वाढतो. दादांची गुठळी त्या रेषेच्या आत होती आणि घरचे सारे रस्ताभर सर्वनाश झाल्यासारखे रडत होते.

आकड्याचा खरा उपयोग पुढेच असतो. रक्तस्राव पहिल्या काही तासांत वाढू शकतो, म्हणून स्कॅन पुन्हा काढतात. पहिल्या रिपोर्टात आकडा नसेल तर दुसऱ्याची तुलना कशाशी करायची? दादांच्या वेळी जुनी फिल्म सोबत होती म्हणून निभावले. ती घाईत गावीच राहिली असती तर?

रक्तवाहिनी बंद होऊन येणाऱ्या लकव्याला हा हिशेब लागू नाही. सुरुवातीच्या सीटीत ते नुकसान धड दिसतही नाही. तिथे दहापैकी गुण देण्याची 'ॲस्पेक्ट्स' पद्धत आहे : मेंदूचे ठरलेले दहा भाग पाहायचे, बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण वजा करायचा. तेही गुण रिपोर्टात यावेत.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथले रुग्ण शेवटी नागपूरचीच वाट धरतात. म्हणून इथल्या मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे. या जिल्ह्यांतल्या सीटी तंत्रज्ञांना नि वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्धा दिवस बोलवा आणि जुन्या फिल्म हातात देऊन हे मोजमाप करून घ्या. आणि आरोग्य विभागाने रिपोर्टाच्या नमुन्यात एक ओळ छापून द्यावी : गुठळी ... मिली, स्लाइसची जाडी ... मिमी, स्कॅनची वेळ ... .

– एक निवृत्त गणित शिक्षक, मानेवाडा, नागपूर