अंबरी हिवाळा काढते, पण नीट ठेवली तर

मा. संपादक,
स. न.

काश्मीरच्या अंबरी सफरचंदाचा उल्लेख हल्ली ‘लुप्त होत चाललेली जात’ एवढ्यावरच संपतो. तिचा मोठा गुण टिकाऊपणा. हे फळ ऑक्टोबरात पिकते आणि बराच काळ चांगले राहते, अशी नोंद वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ सालीच केली आहे. मात्र जात टिकाऊ असली तरी वाटेल ते फळ टिकत नाही.

साठवणीचे फळ कोरड्या दिवशी, देठासकट, हाताने तोडावे. खाली पडलेले किंवा देठ निघालेले फळ पेटीत नकोच. तोडणीची वेळ नुसत्या रंगावरून ठरवू नये. फळ आडवे कापून त्यावर पातळ आयोडीन लावावे. गाभ्याजवळ रंग चढला नाही आणि सालीकडचा गर निळा-काळा झाला, तर तोडणीला हरकत नाही. सगळाच गर काळा पडला तर फळ कच्चे आहे, ते पुढे सुरकुतते. काळेपणा अजिबात आला नाही तर झाडावरची तशी फळे लवकर खाऊन संपवावीत.

अंबरी एका वर्षी लगडते, दुसऱ्या वर्षी मोजकीच फळते. मोजक्या फळांचे वर्ष फसवे असते. फळे मोठी, देखणी होतात, पण त्यांना कॅल्शियम कमी पडते आणि साठवणीत सालीखाली कडवट तपकिरी ठिपके उमटतात. ती आधी विकावीत, मध्यम आकाराची ठेवावीत. नत्र जास्त दिल्यानेही हेच होते.

तोडलेली फळे रात्रभर सावलीत निवू द्यावीत. धुऊ नयेत, सालीवरचे मेण जाते. पेटीतला भाताचा पेंढा खडखडीत वाळलेला हवा. खोलीत ० ते २ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असावी. आधी पिकणारी डेलिशियस ही जात शेजारी ठेवू नये, तिच्यातून सुटणाऱ्या इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूने अंबरीही लवकर पिकते. दर पंधरवड्याला पेटी उघडून नासके फळ काढावे.

२१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीत, म्हणजे चिल्ले कलानमध्ये, भीती उलटी असते. उणे २ अंशांच्या आसपास फळ गोठते. म्हणून पेट्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवून गोणपाटाने झाकाव्यात. फळ गोठलेच तर हात लावू नये. हळूहळू वितळू द्यावे, नाहीतर बोट लागेल तिथे डाग पडतो.

आता पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोऱ्याच्या नियंत्रित वातावरणाच्या (हवेतला ऑक्सिजन कमी ठेवणाऱ्या) शीतगृहांत इतर जातीही महिनोन्‌महिने टिकतात. त्यात झाड लावल्यावर अंबरी उशिरा फळते आणि तिच्यावर स्कॅब हा डाग पाडणारा बुरशीचा रोगही येतो, त्यामुळे ती मागे पडली. शालिमारच्या कृषी विद्यापीठाचे ‘लाल अंबरी’ आणि ‘सुनहरी’ हे संकर उपयोगी आहेत, पण ते मूळ अंबरीची जागा घेत नाहीत. बुटक्या खुंटावर कलम केल्यास मूळ अंबरीही लवकर फळू शकते. बियांपासून जात शुद्ध राहत नाही, म्हणून जुने झाड तोडण्याआधी त्याच्या कलमासाठी काड्या घेतल्याच पाहिजेत. त्या झाड सुप्त असताना, मागच्या हंगामात वाढलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांवरून घ्याव्यात आणि कलमाच्या वेळेपर्यंत ओलसर कापडात गुंडाळून थंड जागी ठेवाव्यात.

– एक वाचक