आधी बाळ, मग सिद्धान्त

संपादक महोदय,

अनुभवावर ईशज्ञान, म्हणजे देवाविषयीचं शास्त्र, उभं राहू शकत नाही, असं ठासून सांगणारा कालचा लेख वाचला. लेखक विद्वान आहेत, वाद नाही. अनुभव म्हणे 'निसरडा' असतो. असेल बुवा. कोरड्यात उभं राहून असं म्हणणं सोपं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ बाप्तिस्म्याच्या आधीच गेलं. त्या ओल्या बाळंतिणीने फादरांना एवढंच विचारलं, "माझं बाळ कुठंय?" फादर चष्मा पुसत म्हणाले, बाप्तिस्म्यावाचून तारण नाही, शिकवण स्पष्ट आहे. मग जरा विरघळले आणि म्हणाले, लिंबोत, म्हणजे बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी मानलेल्या ना स्वर्ग ना नरक अशा जागी, त्याला यातना नसतील. अंत्यविधीला मात्र आले नाहीत. मेव्हण्यांनी पेटी छातीशी धरून नेली. प्रार्थना आईने म्हटली, तिला येत होती तेवढी.

गंमत म्हणजे ती शिकवणही तितकीशी स्पष्ट नव्हती. लिंबो हा चर्चचा अधिकृत श्रद्धासिद्धान्त कधीच नव्हता. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली आहेत, आणि तिथेच त्यांच्या अंत्यविधीचाही उल्लेख आहे! 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं म्हटलं. आमच्या घरातला प्रसंग त्यानंतरचा. प्राचीन चर्चचे धर्मपंडित असलेल्या ज्या संत ऑगस्टिनचे लेखकाने इतके गोडवे गायलेत, त्यांनी या बाळांना सौम्य का होईना, पण शिक्षाच ठरवली होती. शास्त्रवचनं तेव्हा होती तीच आज आहेत. मग बदललं काय? आयोगाने आपल्या दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच अशा आईबापांच्या दुःखाची आणि त्यांना खाणाऱ्या अपराधी भावनेची नोंद घेतली आहे. निसरडाच अनुभव तो.

आणि बायबलमधल्या, सारं गमावलेल्या ईयोबाचा दाखला देताना लेखकांनी त्याच्या पुस्तकाचा 42 वा अध्यायही उघडायचा होता. तिथे देवाचा राग देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, त्याला सिद्धान्त ऐकवत बसलेल्या मित्रांवर आहे.

जाता जाता, माझ्या मागच्या पत्राचा शेवट आपण छाटलात, तेव्हा मी लेखकाशी सहमत आहे असा अर्थ निघाला. शेजारी अभिनंदन करून गेले. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर पहिल्या परिच्छेदावर चालवा, बहिणीच्या मजकुराला हात लावू नका.

— एक वाचक (नाव छापू नये)