पिवळ्या पोत्यात पिवळी बादली चालत नाही

श्री

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. आज्जी, आई आणि आप्पा यांना शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार. धाकटीला आशीर्वाद, यंदा जरा जास्तच.

मी इकडे खुशाल आहे. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं दादा म्हणेल. पण आज्जी फोन दोन मिनिटं कानाला लावते, "काय बोलतीया कळंना" म्हणते आणि आईकडे देते. पत्र मात्र धाकटीकडून दोनदा वाचून घेते आणि उशाखाली ठेवते. म्हणून हे लिहिते. धाकटे, वाचताना मधले जर्मन शब्द गाळलेस तरी चालेल.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं. थंडी आहे, पण ती बाहेर. घरात मी अर्ध्या बाह्यांत वावरते. मी वाळलेली नाही, फोनचा कॅमेरा तसं दाखवतो. रात्रपाळीहून येताना एकटी असते हे खरं, पण बस थांबते तिथून घर चार मिनिटांवर आहे आणि रस्त्यावर दिवे आहेत. उपाशी जात नाही. "तिकडची माणसं नीट वागवतात का" याचं उत्तर मागच्या पत्रातही दिलं होतं. वागवतात. काही हसून बोलतात, काही हसत नाहीत. ते सांगलीतही असतंच की.

आता गंमत ऐका. मागच्या महिन्यात माझं पोतं परत आलं.

हे प्रकरण नीट सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला वर्ष गेलं. इथं कचरा एका डब्यात टाकत नाहीत. कागद निळ्या डब्यात. भाजीची सालं, चहाचा चोथा तपकिरी डब्यात. ज्याचं कुणाशीच जमत नाही ते काळ्या डब्यात. काचेचं आणखी निराळं. रस्त्याच्या कडेला तीन मोठ्या पेट्या असतात, एक पांढऱ्या काचेची, एक तपकिरी, एक हिरवी. निळी बाटली असली तर ती हिरव्यात, कारण हिरवी काच परके रंग पोटात घेते म्हणे. ती बाटलीही रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. (आज रविवार. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या दाराशी सोमवारची वाट बघतायत.) काही बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत असते, त्या दुकानातल्या यंत्राला परत द्यायच्या. चांगले कोटबूट घातलेले लोक पिशवीभर रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभे असतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे "गेल्बर झाक". शब्दाला शब्द लावला तर पिवळं पोतं. आप्पा, हसू नका. पातळ, आरपार दिसणारं प्लास्टिकचं पोतं असतं. त्यात फक्त वेष्टनं टाकायची: दह्याचा डबा, दुधाचा खोका, शाम्पूची बाटली, टोमॅटोचा पत्र्याचा डबा. धुवायला नको, रिकामं असलं की झालं. दह्याच्या डब्याचं चंदेरी झाकण मात्र पार उपटून वेगळं करायचं. दोन आठवड्यांतून एकदा पहाटे ही पोती घरांसमोर ओळीनं ठेवलेली असतात. पहिल्यांदा अंधारात ती रांग बघितली आणि मला क्षणभर आपलं मार्केट यार्डच वाटलं. आता नुसती आवक लिहून घ्यायची बाकी आहे, असं.

तर माझी बादली फुटली, ती मी त्या पोत्यात कोंबली. गाडी आली, सगळ्यांची पोती गेली, माझं तेवढं लाल चिठ्ठी लावून तिथंच राहिलं. तळमजल्यावरच्या आजीबाईंनी ते वर आणून दिलं आणि अर्धा तास समजावलं. बादली प्लास्टिकची असली तरी ती वेष्टन नाही. त्या बादलीतून काही विकत आणलं असतं, तर ती वेष्टन झाली असती. नुसती बादली म्हणून आणली, म्हणजे ती वस्तू. वस्तू काळ्या डब्यात. मी म्हटलं, अहो पण बादली पिवळी आहे. त्या अजिबात हसल्या नाहीत.

वॉर्डात सांगितलं तर तिथं सगळे हसले, पण पोत्याला नाही. "तुझ्याकडे बादलीसुद्धा पिवळी?" आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरनं मग बोटांवर मोजलं: डबा, छत्री, मफलर, पेनाचं टोपण, सायकलची घंटा. म्हणाली, का गं? मला एका वाक्यात सांगता येईना. मला जर्मनमध्ये शब्द येतो एकच, गेल्ब. पिवळाधमक आणि पिवळट यांच्यात जे अंतर आहे, ते माझ्या भाषेच्या परीक्षेत आलं नव्हतं.

तिला काय सांगितलं ते लिहिते. बरंचसं तुम्हाला माहीत आहे, थोडं नाही.

माझे वडील हळदीची पोती वाहतात असं सांगितलं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं हेही ऐटीत सांगून टाकलं. (त्यानं पाठीवरचं पोतं काही हलकं झालं नाही, ते सांगितलं नाही.) आप्पा घरी यायचे तेव्हा भुवया पिवळ्या, नखं पिवळी, कानामागं पिवळं. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत पिवळी पावलं उमटायची. आई फडकं आणेपर्यंत मी त्या पावलांवर पाय ठेवून एकदा जाऊन यायचे. मग आप्पा खिशातून हळकुंड काढून माझ्या कानाशी मोडायचे. नीट वाळलेलं असलं की खण्णकन वाजतं, आत केशरी निघतं. "ह्यो माल," म्हणायचे. माझ्या खडूंच्या पेटीत पिवळा खडू पहिला संपायचा तो यामुळं.

पहिलीत "माझे बाबा" असं चित्र काढायला सांगितलं होतं. मी तोंड, हात, पाय, सगळं पिवळं रंगवलं. बाईंनी लाल पेनानं गोल केला आणि विचारलं, माणूस पिवळा असतो का? घरी मी बोलले नाही. मला आपलं वाटलं, बाईंनी अजून आप्पांना बघितलेलं नाही.

आणि मग २००५ चा पूर. हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि आप्पा कितीतरी दिवस भिजलेली हळद उपसायला जात होते. जमिनीच्या पोटात हळद ठेवतात, वरून माती-शेणानं तोंड लिंपतात, उघडल्यावर आधी हवा खेळू देतात आणि मगच माणूस उतरतो, हे सगळं त्या सिस्टरला हातवारे करून सांगितलं. सडक्या हळदीचा वास मात्र सांगता आला नाही. तो कपड्यांतून दिवाळीपर्यंत गेला नव्हता.

त्या गणपतीनंतर आप्पांचं जेवण तुटलं. अंग मोडून यायचं तरी कामाला जायचे. पिवळे पडलेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण ते रोजच पिवळे होऊन यायचे. रविवारी यार्ड बंद होतं. आईनं त्यांना दोनदा साबण लावायला लावला. मोरीतलं पाणी स्वच्छ वाहिलं आणि आप्पा तसेच राहिले. मी दारात उभी होते. आई, तू त्यांना हाताला धरून उन्हात आणलंस आणि खालची पापणी ओढून बघितलीस. आज्जीनं काविळीची माळ आणायला माणूस धाडला, दादानं रिक्षा आणली, आणि रिक्षा आधी आली ते बरं झालं.

हळद कातडीला लागते, डोळ्याच्या पांढऱ्याला लागत नाही. मी हे पुढं नर्सिंगला शिकले. रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य अडीच-तीनच्या वर गेलं की डोळे पिवळे दिसतात, आणि ते खिडकीच्या उजेडात बघायचं असतं, बल्बखाली फसायला होतं. वर्गात मॅडमनी हे सांगितलं तेव्हा माझी वही कोरीच राहिली होती. अजूनही पिवळं काही दिसलं की मी आधी खूश होते आणि मग तपासते. मागच्या मे महिन्यात आगगाडीतून मोहरीच्या जातीची शेतं बघितली, क्षितिजापर्यंत पिवळीधमक, तरी माझं लक्ष समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडं.

सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, आता बरे आहेत ना? मी म्हटलं, हो, ठणठणीत.

बाकी विशेष नाही. स्वयंपाकघराचा ओटा पांढरा आहे, त्यावर आप्पांनी दिलेल्या पुडीतली हळद सांडली. मी शहाणीनं साबण लावला आणि तो डाग लालभडक झाला. आईला माहीतच आहे, कुंकू तसंच होतं. घरमालकीण नेमकी तेव्हाच आली. पाण्यानं पुसल्यावर लाल गेलं, पिवळं राहिलं. आपल्याकडं दोन दिवस उन्हात टाकलं असतं तर उडून गेलं असतं. इथं तीन आठवडे ऊन नाही आणि ओटा काही गच्चीवर नेता येत नाही. अनामत रकमेतून कापणार नाहीत, मी बोलले आहे. काळजी करू नका.

आता पैशाचं. माझ्या नर्सिंगच्या पदवीला इथली मान्यता डिसेंबरात मिळाली. मधली दोन वर्षं मदतनीस म्हणून काढली तेव्हा काका लोक काय म्हणत होते ते मला कळत होतं, पण पी हळद आणि हो गोरी असं इथं काही नसतं. पगार वाढला आहे. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली नाही, नीट हिशेब घातलाय. मार्चपासून महिन्याला पस्तीस हजार येतील. त्यातून पतसंस्थेचा हप्ता आधी, राहील ते धाकटीच्या लग्नाला. आणि आप्पा, तुम्ही आता पोती उचलणं बंद करा. यंदाचा हंगाम सुरू झालाय, तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण हंगामानंतर तरी. त्या धुरळ्यानं खोकला वाढतो. फोनवर तुम्ही तोंड फिरवून खोकता ते मला दिसतं.

तासगावच्या स्थळाला आई, तूच "आत्ता नाही" असं सांग. मुलाबद्दल माझं वाईट मत नाही. पण "थोरली राहिली आणि धाकटीचं उरकलं" असं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं, हे मला विचारू नकोस. थोरलीला वाईट वाटत नाही, एवढं सांग. खरंच वाटत नाही.

धाकटे, साडी मी पाठवलेल्या पैशातून घे आणि हळदीला पिवळीच घे. लिंबू रंगाची नको, ती फोटोत पांढरी येते. अधिक महिना मेच्या मध्यात लागतोय म्हणून तारीख एप्रिलमध्ये धरली, त्यात कुणाची चूक नाही. इथं वर्षाच्या रजा नोव्हेंबरातच ठरतात आणि शाळकरी मुलं असलेल्यांना आधी मिळतात. मी दोनदा अर्ज दिला, पाळ्या बदलून बघितल्या, त्या जुन्या सिस्टरनं तिच्या दोन रजा देऊ केल्या. जमत नाही. हे पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं. तीन वेळा लिहिलं आणि कागद निळ्या डब्यात गेला.

मुहूर्तापेक्षा हळदीच्या वेळी फोन लावून ठेवा. मी पहाटे उठून बसेन. आज्जी, नातीला पहिली हळद तुझ्या हातानं लाव आणि एक बोट माझ्या नावानंही लाव.

लोभ असावा.

तुमची,
थोरली

ता. क. वहिनी, एक काम करा. आप्पांना सकाळी दारात उभं करा आणि खालची पापणी ओढून दोन्ही डोळ्यांचा फोटो काढून पाठवा. परवा फोनवर मला जरा तसं वाटलं. बल्बमुळं असेल. घरातला फोटो नको, उन्हातला पाठवा.