बातुर आम्ही चढणार, तुम्ही कड्यावरून बघणार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर डोंगर चढण्याचा विषय निघाला की बाबा हवामानावर येतात आणि आई "जेवलीस का" विचारते. म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवते आहे. बालीच्या आपल्या चौघांच्या सहलीत, तळ्याकाठी तोया बुंका गावात मुक्काम असेल तेव्हा मी आणि दादा पहाटे गाईड घेऊन बातुर हा ज्वालामुखी चढणार आहोत. गाईडचे पैसे भरून झाले. आणि बाबा, तुम्ही आमच्याबरोबर वर येणार नाही आहात. त्याच पहाटे तुम्हाला आणि आईला बातुरसमोरच्या पनेलोकनच्या कड्यावर घेऊन जायला गाडी सांगून ठेवली आहे. लगेच फोन उचलू नका. शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

आधी तुम्ही पाठवलेलं कात्रण. ते मारापी ज्वालामुखीचं आहे, पश्चिम सुमात्रातल्या. बेटच वेगळं. ३ डिसेंबर २०२३ ला तो फुटला आणि डोंगरावर असलेल्यांपैकी २४ जण गेले. तुम्ही त्या आकड्याखाली रेघ मारलीत, पण माझ्या मते रेघ त्याच्या आधीच्या गोष्टीखाली हवी. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. मारापी तेव्हा दुसऱ्या पातळीवर होता. विवरापासून तीन किलोमीटरच्या आत कोणी जाऊ नये, असं ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने सांगून ठेवलं होतं. तरीही चढाईची परवानगी मिळत होती. म्हणून आमचा नियम साधा आहे: परवानगी आहे का हे विचारायचं नाही, पातळी काय आहे ते बघायचं. बातुर पहिल्या पातळीवर असेल तरच निघायचं, नाहीतर पांघरूण ओढून झोपायचं. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक ज्वालामुखीची पातळी दिसते. बाबा, हे काम तुमचं. आदल्या संध्याकाळी बघायचं आणि आम्हाला सांगायचं. तुमचा नकार आला तर कोणी वाद घालणार नाही, हे मी दादाकडूनही कबूल करून घेतलं आहे.

पहिली पातळी म्हणजे काहीच होणार नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्ही ते शोधून काढालच, त्यापेक्षा मीच सांगते. जपानचा ओंताके २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी बाराच्या सुमारास फुटला, तेव्हा तोही तिथल्या सर्वात खालच्या पातळीवर होता. शनिवार असल्यामुळे माथ्यावर गर्दी होती. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. तिथे लाव्हा वर आलाच नव्हता. जमिनीत मुरलेलं पाणी तापून एकदम वाफ झालं आणि त्या वाफेने दगड उडवले. अशा स्फोटाची पूर्वसूचना फार कमी मिळते. त्यामुळे जोखीम कमी करण्याचे दोनच मार्ग उरतात: माथ्यावर कमी वेळ थांबणं आणि विवराच्या तोंडापासून लांब राहणं. आम्ही सूर्योदय बघून, खाऊन, तासाभरात उतरायला लागणार. विवरात उतरणार नाही. काठावरून पूर्ण फेरी मारण्याचीही टूम असते. ती वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी घसारा आहे, ती आम्ही सोडून दिली आहे.

बातुरचा स्वतःचा इतिहासही लिहिते, बाबांना आवडेल. तो एका प्रचंड जुन्या कुंडाच्या आत उभा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या स्फोटांनंतर जमीन आत खचली आणि १० बाय १३ किलोमीटरचा खोलगट भाग तयार झाला. त्यात तळं, त्याच्या शेजारी हा डोंगर आणि भोवती कडा. १८०४ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. १९२६ साली लाव्हाने पायथ्याचं बातुर गाव आणि त्यांचं देऊळ गिळलं. लोकांनी मग गावही वर कड्यावर नेलं आणि देऊळही. १९६० आणि ७० च्या दशकांत लाव्हाचे नवे ओघ वाहिले, ते काळे पट्टे तुम्हाला कड्यावरून स्पष्ट दिसतील. शेवटचा उद्रेक २००० साली.

आई, आता तुझ्यासाठी. डोंगर १७१७ मीटरचा आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम ७१ मीटर उंच, आणि सुरुवातच हजार मीटरच्या वरून होते. प्रत्यक्ष चढ सातशे मीटरच्या आतला. एवढ्या उंचीवर हवा विरळ होऊन डोकं दुखण्याचा प्रश्न येत नाही. चारच्या सुमारास निघायचं, दोन तासांत वर. जुलैत तिथे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, पण उजाडायला आधीच लागतं. पहिला टप्पा शेतांमधून आणि झाडीतून सरळ चालीचा आहे. मग चढ उभा होतो, लाव्हाच्या खडबडीत दगडांवरून पाय टाकत जावं लागतं. शेवटचा टप्पा सगळ्यात त्रासाचा: काळी मुरमाड राख, एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे घसरतं. तिथे मोठी पावलं टाकली की दम लागतो. छोटी पावलं, आधीच्या माणसाच्या पावलात पाऊल, आणि बोलता येईल एवढाच वेग. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे, एवढं साधं माप.

थंडीचं तू विचारशीलच. जुलै-ऑगस्ट हे तिथले गार महिने. पहाटे माथ्यावर १० ते १५ अंश असतं आणि वर आग्नेयेचा वारा. बालीला जायचं म्हणून लोक सुती टीशर्टवर चढतात, चढताना तो घामाने भिजतो आणि वर बसल्यावर तेच ओलं कापड अंगावर गार होतं. कुडकुडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. माझ्या पिशवीत कोरडा बनियन, लोकरी टोपी आणि विंडचीटर वेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेली असेल. वर पोचल्या पोचल्या आधी कपडे बदलायचे, फोटो नंतर. तू विणलेला निळा स्वेटर घेते आहे. हातमोजे आहेत, ते थंडीपेक्षा दगडासाठी, कारण हा दगड कातडी सोलतो. दीड लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, कपाळावरचा टॉर्च आणि त्याचे जास्तीचे सेल. नाकातोंडाला बांधायला ओढणी, कारण पुढच्या माणसांच्या पायांनी राख उडते. वर गाईड जमिनीतून येणाऱ्या वाफेवर अंडी आणि केळी शिजवून देतात, तेव्हा उपाशी राहणार नाही. फक्त माकडं फार आहेत आणि हातातलं ओढून नेतात, म्हणून पिशवीची चेन बंद आणि खाणं हातात घेऊन हिंडायचं नाही.

गाईड नुसता वाट दाखवायला नसतो. इथे स्थानिक गाईडशिवाय चढू देत नाहीत, आणि मला तो नियम मनापासून पटतो. वाफेची भोकं जागा बदलतात. काल जिथे बसता येत होतं तिथली जमीन आज भाजू शकते. खोलगट जागी कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे वारा नसला की तिथेच राहतो. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू त्याहून फसवा: प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला बसायचं, खळग्यात नाही. हे अंधारात रोज जाणाऱ्यालाच कळतं. आम्हा दोघांसाठी एक गाईड घेतला आहे, मोठ्या घोळक्यात नाही. घोळक्यात सगळ्यात हळू चालणाऱ्याला घाई होते, आणि घाईत पाय मुरगळतात. तो "मागे फिरा" म्हणाला की सूर्योदयाला दहा मिनिटं उरली असली तरी फिरायचं. चढायच्या आधी तो पानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवून डोंगराला नमस्कार करतो. आई, तुला तो आवडेल.

बाबा, आता तुमचं. तुम्ही रोज पाच किलोमीटर चालता, हे मला माहीत आहे. तुमचा दम दादापेक्षा बरा आहे, हेही. चढ तुम्ही चढाल. प्रश्न उताराचा आहे. त्या मुरमाड उतारावर पाय सतत पुढे घसरतो आणि प्रत्येक पाऊल गुडघ्याने अडवावं लागतं, दीड-दोन तास. घसरून पडणं तिथे रोजचं आहे, वीस-पंचविशीतली मुलंही पडतात, खरचटतात आणि उठून चालायला लागतात. तुम्ही दिवाळीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेता. त्या दगडावर पडलात तर खरचटणं खरचटण्यापुरतं राहत नाही. डोक्याला लागलं तर तर अजिबातच नाही. त्या उतारावरून माणसाला खाली आणायचं म्हणजे खांद्यांवर, पावलापावलाने. मोठं रुग्णालय देनपासारला, गाडीने जवळपास दोन तास. यात तुम्ही म्हातारे झालात असं एक अक्षरही मी म्हटलेलं नाही, आणि मला तसं वाटतही नाही. गोळ्या आणि दगड यांचं जमत नाही, इतकंच.

पायथ्याशी मोटारसायकलवाले विचारतील की वरपर्यंत सोडू का. कृपा करून हो म्हणू नका. ते अर्ध्या वाटेपर्यंत नेतात, सोपी वाट संपते तिथपर्यंत. अवघड भाग तसाच उरतो आणि उतारही.

लहानपणी तुम्ही प्रत्येक चढावर "आता एकच वळण" म्हणायचात आणि मी दरवेळी विश्वास ठेवायचे. तुम्ही सोबत नसताना डोंगर चढणं मला अजूनही जमत नाही असं वाटतं. म्हणून ही कड्याची जागा नीट शोधली. पनेलोकनला गाडी थेट जाते, पायऱ्या नाहीत. डावीकडे बातुर, समोर तळं, उजवीकडे आबांगचा डोंगर. अंधारात पोचलात तर चढणाऱ्यांच्या टॉर्चची रांग दिसेल. सगळ्यात वरचे दिवे आम्ही नसणार, आम्ही मधे कुठेतरी. सूर्य तुम्हाला आमच्यापेक्षा थोडा उशिरा दिसेल, कारण तो पलीकडच्या कड्याआडून वर येतो. थांबा, लवकर परत फिरू नका. आम्हाला वरून आगुंगचा डोंगर दिसेल, आणि हवा स्वच्छ असली तर समुद्रापलीकडच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी डोंगरही. पण बातुर आम्हाला दिसणार नाही, तो फक्त तुम्हालाच दिसणार आहे.

कड्यावर वारा जोरात असतो. आई, शाल आणि मोजे दोन्ही. बाबांची कानटोपी तूच हातात दे, ते मागणार नाहीत. थर्मासमध्ये चहा हॉटेलवाले भरून देतील, साखरेशिवायचा वेगळा सांगितला आहे. गाडीवाल्याला तिथेच थांबायला सांगितलं आहे, थंडी वाजली की आत बसायचं. परत आल्यावर तोया बुंकाला गरम पाण्याची कुंडं आहेत. आई, तुझ्या कमरेला बरं वाटेल. बाबांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही, आणि उतरले तरी थोडाच वेळ, गळ्यापर्यंत नाही, उठताना हात धरून.

आता कामं. बाबा, गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, सकाळी आठची गोळी तिथल्या साडेदहाला येते. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही, आणि चिठ्ठी सोबत. विम्याची पॉलिसी मी तुम्हाला फोटो काढून पाठवली आहे, त्यात 'साहसी उपक्रम' हे कलम शोधा आणि ज्वालामुखीवरची चढाई वगळलेली नाही ना ते फोन करून लेखी विचारा. तोंडी "हो" चालणार नाही. पासपोर्ट पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने तरी चालू हवेत, आईचा परत एकदा बघा. नोटांचे रंग आत्ताच पाठ करा: लाल एक लाख रुपियाची, निळी पन्नास हजारांची. शून्यं मोजत बसलात की गोंधळ होतो, रंग बघायचा. तिथे निळ्या नोटाच जास्त लागतील.

आणि बाबा, आजपासून रात्री गुडघ्याचे व्यायाम. गरम पाण्याची पिशवी नंतर, आधी नाही. आई, ते करतात की नाही ते मला तू कळवायचं आहेस, त्यांना विचारून नव्हे, बघून.

तुमची,
मनू